गोळ्या एकाला, आजार दोघांचा

पळस्प्याहून सुटणारा गोव्याचा रस्ता, न्हावाशेव्याकडून येणारे कंटेनर, कळंबोलीचा लोखंड बाजार: पनवेलच्या आसपास घरापासून लांब राहणाऱ्या ट्रकचालकांची कायम वर्दळ. लघवीला जळजळ होऊन पू येऊ लागला की यातला एखादा मेडिकलच्या काउंटरवर हळूच दोन गोळ्या मागतो. बरं वाटलं की सोडून देतो. परमा (गनोरिया) तात्पुरता दबतो, आणि औषधाला दाद न देणारे जंतू अशा अर्धवट उपचारांतूनच बळावतात.

सरकारी दवाखान्यातली पद्धत याहून शहाणी आहे. तपासणीचा अहवाल घ्यायला रुग्ण परत येईलच असं नाही, म्हणून लक्षणं पाहून पहिल्याच भेटीत उपचार करायचे. नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, त्यासाठी रंगांची पाकिटं ठरवली. पू जात असेल तर करडं, हर्पिसचे फोड असतील तर लाल. करड्या पाकिटात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, कारण परमा आणि क्लॅमिडिया बऱ्याचदा जोडीने असतात. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये हे सगळं मोफत मिळतं.

पण जिला लक्षणंच नाहीत तिचं काय? क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना काही जाणवत नाही. पुढे गर्भनलिका बंद झाली की कळतं. दुखत असलं तरी ती बोलतेच असंही नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या. 92 टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं तेव्हा जगाने दखल घेतली.

उलट, अंगावरून पांढरं जाणं दरवेळी नवऱ्याकडून आलेलं नसतं. बुरशीनेही होतं. घाईने शिक्का मारणारा डॉक्टर एखादं घर मोडू शकतो, म्हणून पडद्याआड, निवांत विचारपूस हवी.

संसर्ग लैंगिकच असेल तर मात्र जोडीदाराला औषध दिल्याशिवाय उपचार पुरा होत नाही; बायकोला न सांगता गोळ्या घेणारा नवरा सुट्टीत घरी गेला की तोच आजार पुन्हा घेऊन येतो. एचआयव्ही आणि गरमीची (सिफिलिस) रक्ततपासणी त्याच भेटीत उरकावी. गरोदर बाईला गरमी निघाली, तर वेळेत दिलेलं पेनिसिलिनचं इंजेक्शन बाळ वाचवतं. दवाखान्यात जायचा धीर होत नसेल, तर 1097 हा मदतवाहिनीचा क्रमांक फुकट लागतो.