न झालेल्या युद्धाचे पहारेकरी

संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना बहुतेक वेळा रक्त सांडून झाल्यावर पोहोचते. मॅसेडोनियात मात्र ती एकही गोळी सुटण्याआधी पोहोचली. निव्वळ युद्ध टाळण्यासाठी नेमलेली ही पहिलीच मोहीम.

1992 साली युगोस्लाव्हिया फुटत होता, बोस्निया पेटला होता. नव्यानेच स्वतंत्र झालेल्या मॅसेडोनियाकडे धड सैन्यही नव्हतं. राष्ट्राध्यक्ष किरो ग्लिगोरोव यांनी नोव्हेंबरमध्ये मदत मागितली आणि 11 डिसेंबरला सुरक्षा परिषदेने शांतिसैनिक पाठवण्याचा ठराव केला. पुढच्या वर्षी नॉर्डिक देशांची पलटण आली, मागोमाग अमेरिकी सैनिकही. 1995 पासून 'अनप्रेडेप' या नावाने ही स्वतंत्र मोहीम झाली. सैनिक जेमतेम हजार-अकराशे.

त्यांचं काम सर्बिया आणि अल्बानियाच्या सीमेवरच्या डोंगरांत चाले. चौक्यांवरून दुर्बिणी लावायच्या, पायी गस्त घालायची, दिसेल ते नोंदवून वर कळवायचं. खरी अडचण होती ती उत्तरेला, सर्बियाच्या बाजूला. कालपर्यंत एकाच देशातली ही हद्द जमिनीवर कधी आखलेलीच नव्हती आणि दोन्ही बाजूंचे नकाशे जुळत नव्हते. म्हणून मोहिमेने गस्तीपुरती स्वतःची एक रेषा ठरवली. 1994 मध्ये चुपिनो ब्रदो या टेकडीवर सर्बियाचे सैनिक येऊन बसले, समोर मॅसेडोनियाचे उभे राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्यांतल्या अधिकाऱ्यांनी दोन्हीकडे बोलणी करून सैनिकांना मागे घ्यायला लावलं. जगात त्याची फारशी बातमीही झाली नाही.

हलक्या शस्त्रांचे हे लोक खरं आक्रमण रोखू शकले नसते. पण त्यांच्यावर गोळी झाडणं म्हणजे साऱ्या जगाला अंगावर घेणं, हे समोरच्याला ठाऊक होतं. शिवाय यजमान सरकारलाच ते हवे होते. जुलै 1995 मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडात मात्र हेच निळं शिरस्त्राण आठेक हजार माणसांना वाचवू शकलं नाही. तिथे युद्ध भरात होतं आणि सैनिकांच्या पाठीशी कोणाची इच्छाशक्तीच नव्हती. लढाई पेटण्याआधी हजारभर लोकही पुरे पडतात, असं मला या दोन अनुभवांवरून ठामपणे वाटतं.

सीमेच्या आतला तंटा मात्र गस्तीने मिटणारा नव्हता. अल्बानियन भाषकांना आपल्या भाषेत उच्च शिक्षण हवं होतं. तेतोवो शहरातल्या अल्बानियन विद्यापीठावरून 1995 मध्ये पोलिसांशी चकमकही झाली. मोहिमेचे प्रमुख हेन्रिक सोकाल्स्की मॅसेडोनियन आणि अल्बानियन समाजांच्या पुढाऱ्यांना एकत्र बसवत राहिले. या कामाला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं त्यांना मिळाली नाहीत.

जानेवारी 1999 मध्ये मॅसेडोनियाने तैवानशी राजनैतिक संबंध जोडले आणि चीन दुखावला. 25 फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेत मोहिमेच्या मुदतवाढीच्या बाजूने तेरा मतं पडूनही चीनने नकाराधिकार वापरला. परिस्थिती आता स्थिर आहे, असं कारण त्याने दिलं. मोहीम संपली. महिन्याभरात नाटोचे बाँब युगोस्लाव्हियावर पडू लागले आणि कोसोवोतून तीन लाखांहून अधिक निर्वासित मॅसेडोनियात लोटले. 2001 मध्ये तेतोवोभोवतीच्या डोंगरांत अल्बानियन बंडखोर आणि सरकारी फौजा भिडल्या. त्याच ऑगस्टमध्ये ओह्रिद करार झाला आणि अल्बानियन भाषेला अधिकृत वापराचा हक्क मिळाला. 2003 मध्ये युरोपीय संघाने आपली पहिलीवहिली लष्करी मोहीम काढली, ती याच देशात, त्या करारावर पहारा द्यायला.