एक फोन लाईन, सगळं घर

घरातलं इंटरनेट सगळ्या घराचं असतं, हे आज कुणाला सांगावं लागत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मात्र ते एका कॉम्प्युटरचं असायचं. मोडेमची वायर ज्याला जोडलेली, नेट त्याचं. बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. ही मालकी मोडली ती फोन लाईनवरून नेट जोडायच्या डायल-अपच्याच काळात. ब्रॉडबँडच्या गाजावाजात या टप्प्याची नोंद फारशी कुणी घेतली नाही, म्हणून हा मागोवा.

विदेश संचार निगमानं १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत खातं मिळे, पण त्यात फक्त अक्षरं दिसत. चित्रांसकट वेब पाहायचं तर वर्षाला १५,००० रुपये मोजावे लागत, आणि तेही २५० तासांसाठी. फोनचं बिल वेगळं. पुढे दर उतरले, काही घरांत दुसरा कॉम्प्युटर आला आणि प्रश्न उभा राहिला: लाईन एक, खातं एक, मग दोघांनी नेट वापरायचं कसं?

उत्तर १९९४ मध्येच कागदावर आलं होतं. त्याचं नाव नॅट. नेट पुरवणारी कंपनी फोनवरून एकच पत्ता देते. नॅट चालवणारं यंत्र तो पत्ता स्वतःकडे ठेवतं, घरातल्या कॉम्प्युटरना आतले पत्ते वाटतं, कुठली मागणी कुणाकडून आली ते टिपून ठेवतं आणि आलेलं उत्तर नेमकं त्याच्याकडे धाडतं. बाहेरच्या जगाला सगळं घर एकच कॉम्प्युटर वाटतं. १९९९ मध्ये विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय आयती मिळू लागली. मोडेमवाला कॉम्प्युटर १९२.१६८.०.१ हा पत्ता घेई आणि दुसरा केबलनं त्याला जोडला जाई. अट एकच: पहिला बंद केला की दुसऱ्याचंही नेट गेलं.

ही अट आणि केबल, दोन्ही एका झटक्यात काढून टाकली ती ॲपलनं. २१ जुलै १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयबुक हा लॅपटॉप हातात घेऊन वेब चालवून दाखवलं आणि कुठे वायर नाही हे पटावं म्हणून तो एका रिंगणातून आरपार नेला. त्यासोबतच्या २९९ डॉलरच्या एअरपोर्ट बेस स्टेशनमध्ये ५६ केचा मोडेम आतच बसवलेला होता. फोनची वायर बेस स्टेशनला लावायची. आयबुकवर एखादं पान मागितलं की बेस स्टेशन स्वतःच नंबर फिरवी, लाईन जुळे आणि थोड्या वेळानं पान उलगडू लागे. बराच वेळ कुणी काही मागितलं नाही की ते आपणहून फोन ठेवून देई.

घरातली बिनतारी वाट सेकंदाला ११ मेगाबिटची आणि घराबाहेर पडणारी ५६ किलोबिटची, म्हणजे जवळपास दोनशेपट अरुंद. एक मेगाबाइटची फाईल उतरायला तीन मिनिटं सहज लागत आणि तेवढा वेळ बाकीच्यांची पानं अडकत. कॉल वेटिंगचा एक टोन कनेक्शन तोडायला पुरे. पण वायरलेसनं दिला तो वेग नव्हेच, दिली ती मोकळीक. नेट टेबलावरून उठून स्वयंपाकघरात, गॅलरीत, मुलांच्या खोलीत गेलं.

आपल्याकडे डायल-अप आणि वाय-फाय ही जोडगोळी फारशी रुजली नाही. सरकारनं वाय-फायला लागणारा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला जानेवारी २००५ मध्ये, आणि त्याच महिन्यात बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड सुरू झालं. त्यामुळे बहुतेक मराठी घरांत वाय-फाय आलं तेच ब्रॉडबँडचं बोट धरून. डायल-अप वाटून घेतलं गेलं ते मुख्यतः केबलवर.

अमेरिकेत एओएलनं ३० सप्टेंबर २०२५ला आपली डायल-अप सेवा बंद केली. मोडेम गेले, पण एका जोडणीवर सगळ्यांचा हक्क ही रीत राहिली. आज फोनचा हॉटस्पॉट सुरू करून आपण शेजाऱ्याला नेट देतो, तेव्हा आत चालतं ते नॅटच.