शेवटच्या तासाची मजुरी

‘सर्वोदय’ हा शब्द वर्धा जिल्ह्याला घरचा वाटतो. मार्च १९४८मध्ये सेवाग्रामच्या संमेलनात सर्वोदय समाजाची कल्पना साकारली. या शब्दाच्या मुळाशी मात्र बायबलमधला एक दृष्टान्त आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायातील त्या दृष्टान्तावरून जॉन रस्किनने आपल्या ‘अन्टु धिस लास्ट’ या ग्रंथाचे नाव घेतले. १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात गांधीजींनी तो वाचला आणि १९०८मध्ये त्याचे गुजराती सार ‘सर्वोदय’ या नावाने दिले.

दृष्टान्त असा आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे एक दिनार ठरवून मजूर लावतो. पुढे दिवसभरात आणखी काहींना बोलावतो. शेवटच्यांना तर अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळण्यापूर्वी तासभर. संध्याकाळी सर्वांना सारखाच एक दिनार मिळतो आणि पहाटेचे मजूर कुरकुरतात.

ओरिजेन, थोरला ग्रेगरी या प्राचीन भाष्यकारांनी या तासांत माणसाच्या वयाच्या अवस्था पाहिल्या. कोणी बालपणी जागा होतो, कोणी म्हातारपणी. कृपा दोघांवर सारखीच. हा अर्थ सुंदर आहे, पण त्यात जागृती फक्त उशिरा आलेल्यांची ठरते.

कथेतला एक तपशील वेगळे सांगतो. धनी मजुरी वाटतो ती शेवटच्यांपासून. पहाटेच्यांना आधी पैसे दिले असते, तर ते ठरलेला दिनार घेऊन समाधानाने घरी गेले असते. त्यांना थांबून पाहावे लागते. धन्याचा त्यांना अखेरचा प्रश्नही डोळ्यांविषयी आहे. दुसऱ्याचे भले डोळ्यांत खुपते, हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. त्यांच्या हातचे काहीच गेलेले नाही. दुखते ते तुलनेमुळे. म्हणजे जागे व्हायचे आहे ते आयुष्यभर राबलेल्या, नेमाने वागलेल्या माणसाने. आपल्या पुण्याचा हिशेब मांडणारा ‘मी’ त्याला इथे प्रथम दिसतो.

मात्र असे प्रतीक वाचताना मजुरी विसरून चालणार नाही. दिनार ही मजुराची दिवसाची भाकर होती. १९३५ साली वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबांनी कताईच्या प्रचलित मजुरीत जगून पाहिले. दिवसाचे आठ-नऊ तास कातूनही त्या पैशांत पोट भरणे किती कठीण, हे त्यांनी स्वतः भोगले. त्याच वर्षी चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवण्याचे धोरण घेतले. विनोबांचा प्रयोग या दृष्टान्तातून निघाला असे म्हणण्याचे कारण नाही. पण रांगेत पुढे उभा राहू शकणारा माणूस आपण होऊन शेवटच्याच्या जागी गेला, की त्याची नजर कशी बदलते, ते त्यात दिसते. ही नजर बदलली नाही, तर ‘सर्वोदय’मधल्या ‘सर्व’ या शब्दात शेवटचा माणूस येतच नाही.