‘शक्ती कमी पडते’ म्हणजे नेमके काय?

जुन्नर-आंबेगावकडे मोटार पाणी ओढीनाशी झाली की तिला ‘जोर’ नाही, बॅटरी उतरली की तिच्यात ‘पॉवर’ नाही, असे म्हटले जाते. व्यवहारात जोर, ताकद, शक्ती व ऊर्जा हे शब्द एकमेकांच्या जागी सहज चालतात. लेसरच्या बाबतीत मात्र ही सैल योजना दोष शोधणाऱ्यास आडवाटेस नेते.

घरी जुळविलेला नायट्रोजन-लेसर घ्या. त्याचे एक स्पंदन एका नॅनोसेकंदाचे व त्यातील ऊर्जा ०.१ मिलिज्यूल असेल, तर त्या क्षणापुरती शक्ती १०० किलोवॉट होते. सेकंदास अशी दहा स्पंदने निघाली तर सरासरी शक्ती अवघी एक मिलिवॉट! सरासरी दाखविणारा मापक पाहून ‘लेसर दुबळा आहे’ असा निष्कर्ष काढणारा मनुष्य निर्दोष यंत्र खोलून बसतो. आणि येथे तर हजारो व्होल्टचा धारित्र असतो व ३३७.१ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना न दिसताही त्यांस इजा करतो.

खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी असून १६ तीन भुजांवर विखुरल्या आहेत. तबकडीकडील संकेत अर्धवाहक लेसरच्या प्रकाशावर आरूढ होऊन काचतंतूतून मध्यवर्ती इमारतीत येतो. अशा लेसरला एक उंबरठा असतो; विद्युत्प्रवाह त्याच्या वर गेल्यावरच प्रकाश झपाट्याने वाढू लागतो. उंबरठा २० मिलिॲंपिअर व चालू प्रवाह ४० असेल आणि उष्णतेमुळे उंबरठा ३० वर चढला, तर प्रवाह तोच राहूनही प्रकाश सुमारे निम्मा होतो.

परंतु तंतूच्या जोडावर धूळ बसली तरी दूरच्या टोकास प्रकाश निम्मा होऊ शकतो. लक्षण एक, कारणे दोन. म्हणून लेसरच्या पाठीमागील प्रकाशसंवेदकाचे वाचन प्रथम पाहावे. तेही उतरले असल्यास दोष उष्णतेत, प्रवाहात किंवा खुद्द लेसरात. ते कायम असल्यास पुढील मार्गात. जोड तपासण्यापूर्वी लेसर बंद करणे अगत्याचे, कारण हाही प्रकाश अदृश्यच असतो.

आणखी एक खोच आहे. ग्राहकातील प्रवाह प्रकाशशक्तीच्या प्रमाणात असतो, पण विद्युत्शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. तेव्हा प्रकाश निम्मा झाल्यास संकेताची विद्युत्शक्ती एक चतुर्थांश उरते. एक तंत्रज्ञ ‘शक्ती निम्मी’ लिहितो, दुसरा ‘पाव’ लिहितो. दोघेही खरे असतात. परिभाषेत ‘शक्ती’ हा शब्द निश्चित झाला खरा, पण दोषनोंदीत तो एकटा पुरत नाही. शक्ती कशाची, कोठे मोजलेली, क्षणाची की सरासरी, हे त्याच ओळीत लिहावे लागते.