आशा उद्याची, सवय आजची

हॉस्टेलच्या कोणत्याही रूममध्ये डोकावून बघा, कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसेलच. कुणाचं 'गेट', कुणाचं 'एम.एस.', कुणाचं नुसतंच 'ऑल क्लिअर'. आणि त्या कागदाच्या बरोबर समोर, पहिलं लेक्चर सुरू झालं तरी पांघरुणात गुरफटलेला त्याचा मालक! हसू नका मित्रांनो, ही आपल्या सगळ्यांचीच गोष्ट आहे. आशा एका दिशेला आणि दिवस दुसऱ्या दिशेला. या दोघांची गाठ कशी घालायची, त्याबद्दल थोडंसं.

मी ख्रिस्ती आहे. रोज सकाळी बायबल उघडून बसतो, तेव्हा माझा रूम-पार्टनर हमखास विचारतो, "काय रे, यानं एम-थ्री सुटतो का?" नाही सुटत. एम-थ्री गणितं सोडवूनच सुटतो. पण गणितं रोज सोडवायला बसायची शिस्त मला या श्रद्धेतून मिळाली. हा लेख म्हणजे त्याच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर समजा. प्रचार करायचा नाही. ज्याची जी श्रद्धा असेल, त्यानं आपल्या परीनं विचार करावा.

इच्छा वेगळी, आशा वेगळी

'पास झालो तर बरं' ही इच्छा. तिला काही करावं लागत नाही. ख्रिस्ती विचारात आशा म्हणजे ज्याच्यावर भरवसा ठेवला, त्याच्याकडे तोंड करून रोज चालणं. म्हणून नव्या करारात याकोब आपल्या पत्रात बजावतो की कृती नसलेला विश्वास निर्जीव असतो.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि तीच मला जास्त मोलाची वाटते. देवाची कृपा टर्मवर्कच्या मार्कांसारखी कमवावी लागत नाही, ती आधीच मिळालेली असते. सवय ही त्या कृपेची फी नसून तिच्याबद्दलची कृतज्ञता आहे. त्यामुळे एखादा दिवस वाया गेला तरी खातं बंद होत नाही. आपले संकल्प बहुधा मोडतात ते 'एक दिवस चुकला, आता गेलंच सगळं' या विचारानं. कृपेवर भरवसा असणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी नव्यानं सुरुवात करायला लाज वाटत नाही.

दानीएल: एक जुना हॉस्टेलाइट

बायबलमधला दानीएल म्हटलं की सिंहांची गुहा आठवते. पण त्याच्या पुस्तकाची सुरुवात होते ती शिक्षणापासून. यरुशलेमहून बाबेलला नेलेली काही तरुण मुलं, परकी भाषा, परकी विद्या, तीन वर्षांचा कोर्स आणि जेवण राजाच्या मेसचं! दानीएलाला त्या अन्नानं विटाळायचं नव्हतं. त्यानं भांडण काढलं नाही. देखरेख करणाऱ्याला विनंती केली की आम्हाला १० दिवस शाकान्न आणि पाणी द्या, मग इतर मुलांशी आमची तुलना करा आणि काय ते ठरवा. आपल्या भाषेत ही ट्रायल! 'जन्मभर' असा शब्दही त्यानं काढला नाही. मुदत छोटी, निकष स्पष्ट.

पुढे कित्येक वर्षांनी राजाज्ञा निघाली की ३० दिवस राजाखेरीज कोणाकडेही मागणं करायचं नाही. दानीएल घरी गेला, यरुशलेमच्या दिशेच्या खिडकीपाशी गुडघे टेकले आणि पूर्वीसारखीच दिवसातून तीनदा प्रार्थना केली. त्या दिवशी त्यानं वेगळं धाडस गोळा केलं नाही. धाडस सवयीत आधीच मुरलेलं होतं. व्हायव्हाच्या आदल्या रात्री आत्मविश्वास शोधणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून पुष्कळ शिकता येईल.

मान्ना साठवता येत नाही

रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना मिळे. नियम एकच, त्या दिवसापुरता गोळा करायचा. उद्यासाठी ठेवला की त्यात किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा दिवस विश्रांतीचा. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती आजचीच. झोप, व्यायाम, वाचन, प्रार्थना यांचंही तसंच आहे. पी.एल.मध्ये सगळं एकदम उरकू म्हटलं तर उरकत नाही. आणि विश्रांती हीसुद्धा वेळापत्रकात लिहायची गोष्ट आहे. रविवारी सकाळी चर्चला जाऊन आल्यावर दुपारपर्यंत मी जर्नलला हात लावत नाही.

ठिपक्यांची वही

आता खास इंजिनिअरांसाठी. इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधला सैनिक. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय मोडला आणि आयुष्याची दिशाच बदलली. पुढे त्यानं जेझुइट संघ स्थापन केला. त्याच्या साधनेच्या पुस्तकात एक पद्धत दिली आहे. एका वेळी एकच दोष निवडायचा. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा आखायच्या, एक दुपारपर्यंतची आणि एक रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके द्यायचे. मग रेघेची रेघेशी, दिवसाची दिवसाशी, आठवड्याची आठवड्याशी तुलना करायची. हे फीडबॅक लूपच झालं की नाही! आउटपुट मोजल्याशिवाय करेक्शन कुठून येणार?

शिवाय तो दिवसाचा आढावा घ्यायला सांगतो, त्याची पहिली पायरी आभार मानण्याची आहे. दोष नंतर. रात्री दिवा घालवण्याआधी पाच मिनिटं मी याच क्रमानं बसतो. आधी आभार मानले की हिशेब करताना मन घाबरत नाही.

हळूच उठवणारे भाऊ

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टनं मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. त्यात प्रार्थना, अंगमेहनत आणि वाचन यांच्या वेळा ठरवून दिल्या आहेत. पण मला गंमत वाटली ती झोपण्याच्या नियमांची. तरुणांच्या खाटा शेजारी-शेजारी ठेवू नयेत, मोठ्यांच्या मधे मधे ठेवाव्यात. उठताना एकमेकांना हळुवारपणे प्रोत्साहन द्यावं, म्हणजे झोपाळूंना सबब उरणार नाही. पहाटेच्या प्रार्थनेचं पहिलं स्तोत्र सावकाश म्हणावं, म्हणजे उशीर झालेल्यांनाही गाठता येईल. रेक्टर सर, तुमचंही लक्ष वेधतो! शिस्त आणि माया एकत्र नांदू शकतात, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या विंगमध्ये एका मित्राचा एकच विषय तिसऱ्यांदा राहिला. त्यानं मेसला येणं बंद केलं, बॅग भरायला घेतली. आम्ही तिघांनी त्याला उपदेश केला नाही. रोज सकाळी साडेसहाला दार वाजवायचं, चहा प्यायचा आणि त्याच्याबरोबर फक्त दोन गणितं सोडवायची, एवढंच ठरवलं. तिघांपैकी मी एकटाच ख्रिस्ती. निकाल अजून लागायचा आहे. पण बॅग पुन्हा खाटेखाली गेली आहे.

केडगावची मोठी आशा

शेवटचं उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातलं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो निराधार मुली-बायकांना आधार दिला आणि केडगावला 'मुक्ती'चं काम उभं केलं. साध्या बाईमाणसाला समजेल अशा मराठीत बायबल असावं, ही त्यांची आशा. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षं भाषांतराला बसल्या. आश्रमातल्या बायका छपाईचं काम शिकल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ लोकांच्या हाती पडला तो त्यानंतर. आशा स्वतःच्या आयुष्याहून मोठी असली, तरी तिच्यासाठी करायचं काम रोजच्या पानाएवढंच असतं.

तर मित्रांनो, कपाटावरचा कागद फाडू नका. त्याच्या खाली दुसरा एक छोटा कागद लावा. त्यावर एकच सवय लिहा, मुदत १० दिवस. शेजारी दोन रेघा आखा. आणि शेजारच्या रूममधल्या एकाला सांगून ठेवा, "सकाळी जरा दार वाजव रे!"