सहा वर्षांच्या आतले नागरिक

17 मार्च 1970 रोजी सिडको या शहर वसविणाऱ्या महामंडळाची स्थापना झाली आणि भातखाचरे, मिठागरे व आगरी-कोळी गावे यांच्या भूमीवर नवी मुंबई हे एक अख्खे शहर आधी नकाशावर व मग मातीवर उतरू लागले, तेव्हा प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, शाळेसाठी भूखंड राखून ठेवण्याची जी दूरदृष्टी नियोजनकारांनी दाखविली, ती कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे. परंतु वाशी-नेरूळच्या सुस्थित घरातील बालक तिसऱ्या वर्षीच चित्रे, ठोकळे आणि गोष्टींच्या सहवासात नर्सरीत रमते, त्याच वयाचे दिघा किंवा तुर्भे स्टोअरच्या वस्तीतले, अथवा खारघर-उलव्याच्या अर्धवट इमारतीखाली पत्र्याच्या खोलीत राहणारे बिगाऱ्याचे मूल मात्र वाळूच्या ढिगाशेजारी दिवस काढते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला व पुढे कोसबाडच्या टेकडीवर, मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात, प्रसंगी गुरे चरतात त्या कुरणातही जावे, या श्रद्धेने जे प्रयोग केले, त्यांच्याशी अंगणवाडीचे जवळचे नाते आहे. तथापि अंगणवाडी काही तासांत सुटते आणि आई संध्याकाळपर्यंत पाट्या वाहत असते. मधल्या वेळात धाकट्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची ताई घरी राहते, आणि एका उणिवेपायी दोन बालपणे खर्ची पडतात. बालशिक्षणाचा प्रश्न हा प्रथमतः आईच्या कामाच्या तासांचा प्रश्न आहे, असे मला निश्चयपूर्वक वाटते.

कायद्याची नजरही या वयावर पुरेशी स्थिरावलेली नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला, तो 6 ते 14 या वयाला. खासगी शाळांतील 25 टक्के राखीव जागा पूर्वप्राथमिक वर्गापासूनही लागू होऊ शकतात; पण त्यासाठी रहिवासाचा पुरावा व दुर्बल घटकासाठी एक लाखाच्या आतील वार्षिक उत्पन्नाचा दाखला मागितला जातो, आणि जो मजूर एक इमारत पुरी होताच दुसऱ्या नाक्यावर मुक्काम हलवतो, त्याने कोणत्या पत्त्याचा दाखला आणावा?

इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात, पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची खोली असावी, अशी स्पष्ट तरतूद करण्यात आली होती. पण मजूर मुकादमामार्फत येतात, जोडप्याची मजुरी पुष्कळदा नवऱ्याच्याच नावावर पडते, आणि हजेरीपटावर स्त्रियांची संख्या पन्नासाच्या अलीकडेच राहते. बांधकामाच्या जागीच दिवसभराचे पाळणाघर आणि बालवाडी चालवता येते, हे 1969 साली दिल्लीत सुरू झालेल्या व 1972 पासून मुंबई परिसरात पोहोचलेल्या ‘मोबाइल क्रेशेस’ या संस्थेच्या कार्याने केव्हाच सिद्ध केले आहे. मात्र सेवाभावी संस्थेच्या आवाक्याला मर्यादा असतात. बांधकामाचा परवाना देणाऱ्या दफ्तराला त्या नाहीत. परवान्याच्या अटींत पाण्याची टाकी नि अग्निशमनाची सोय तपासली जाते, त्याच यादीत, हजेरीपटावरचा आकडा न पाहता, मुलांची खोली, शिक्षिका आणि आईच्या सुट्टीपर्यंत उघडे राहणारे दार यांची अट नवी मुंबईत घातली गेली पाहिजे.