महाविद्यालयीन खेळाडू आणि लोकाश्रय : राजाराम महाविद्यालय व खाशाबा जाधव यांच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयीन खेळाडू हा एकाच वेळी विद्यार्थी आणि खेळाडू असतो. विद्यार्थी म्हणून त्याच्यामागे महाविद्यालय उभे असते. पण खेळाडू म्हणून त्याचा आहार, सराव, प्रवास आणि मोठ्या स्पर्धेची तयारी यांचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर (ता. कराड) येथील ऑलिंपिक पदकविजेते मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या उदाहरणाद्वारे केला आहे. १९४८ व १९५२ या दोन ऑलिंपिक स्पर्धांसाठी त्यांच्या खर्चाची तरतूद कशी झाली, याची तुलना करणे हा या लेखाचा मुख्य हेतू होय.

उन्हाळी संघांचे एक प्रारूप

या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर अमेरिकेत पाहावयास मिळते. तेथे महाविद्यालयांना उन्हाळी सुट्टी लागली की बेसबॉल खेळणारे निवडक विद्यार्थी लहान लहान गावांच्या संघांकडून खेळतात. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड येथील लीग यांमध्ये विशेष प्रसिद्ध असून तिची स्थापना १९२३ मध्ये झाली. खेळाडूंना संघाकडून वेतन मिळत नाही; मात्र स्थानिक कुटुंबे त्यांना आपल्या घरी ठेवून घेतात आणि संघाची बरीच कामे गावातील स्वयंसेवक करतात. महाविद्यालयीन सामन्यांत धातूची बॅट वापरली जाते, तर व्यावसायिक बेसबॉल लाकडी बॅटने खेळला जातो. केप कॉड लीगने १९८५ पासून लाकडी बॅट स्वीकारली. त्यामुळे विद्यार्थ्याला पुढच्या पायरीचा सराव सुट्टीतच घडतो. थोडक्यात, महाविद्यालय खेळाडू घडवते, तर गाव त्याला निवारा, मैदान आणि प्रेक्षक देते.

आपल्याकडे बेसबॉलची अशी परंपरा नाही. परंतु गावाने खेळाडूला पोसण्याची परंपरा जुनी आहे. रब्बीची सुगी आटोपल्यावर गावोगावी जत्रा-यात्रा भरतात आणि त्यांत कुस्तीचे फड रंगतात. ग्रामस्थांच्या वर्गणीतून इनाम ठरते, पंच मंडळी जोड लावतात आणि आसपासच्या तालमींतील तरुण मल्ल आखाड्यात उतरतात. मल्लाच्या खुराकाचा बराचसा आधार या इनामावरच असतो. जत्रेतील फड हा अशा रीतीने ग्रामीण महाराष्ट्राचा उन्हाळी क्रीडा हंगामच म्हणावा लागेल.

राजाश्रय आणि १९४८ ची लंडन स्पर्धा

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः कुस्तीगीर असल्याने कुस्तीचे पहिले धडे त्यांना घरीच मिळाले. कराड येथील टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्रवेश घेतला. कोल्हापूर ही त्या काळी कुस्तीची राजधानी होती. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना दिलेला आश्रय आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान यांमुळे तेथे कुस्तीला राजमान्यता व लोकमान्यता अशा दोन्ही लाभल्या होत्या.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली, तेव्हा त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. लंडनमध्ये त्यांच्यापुढे खरी अडचण होती ती मॅटची. तांबड्या मातीत प्रतिस्पर्ध्याला चीत करणे हेच विजयाचे गमक असते. मॅटवरील कुस्तीत ठरावीक वेळ, काटेकोर वजनगट आणि आंतरराष्ट्रीय नियम यांचे बंधन असते. मातीत पाय रुततो. मॅटवर तसा आधार मिळत नाही आणि हालचालींचा वेगही वाढतो. बेसबॉलच्या खेळाडूला धातूच्या बॅटकडून लाकडी बॅटकडे वळताना जे करावे लागते, तेच खाशाबांना येथे करावे लागले. फरक इतकाच की त्यासाठी त्यांना सरावाचा हंगाम लाभला नव्हता. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावे स्थान मिळवले.

आश्रयाची पोकळी आणि १९५२ ची हेलसिंकी स्पर्धा

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यकच होते; पण त्याबरोबर तालमींचा आणि मल्लांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा राजाश्रय संपुष्टात आला. त्याची जागा घेणारी शासकीय क्रीडाव्यवस्था अद्याप आकाराला यावयाची होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबांना पैशाची गरज पडली ती नेमकी या संधिकाळात.

शासनाकडून वेळेवर पुरेशी मदत न मिळाल्याने खाशाबांना लोकांकडे जावे लागले, असे त्यांच्या चरित्रपर लेखनात नमूद आहे. गोळेश्वर व कराड परिसरातील लोकांनी यथाशक्ती वर्गणी दिली. राजाराम महाविद्यालयात ज्यांच्या कारकिर्दीत ते शिकले, त्या प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकाने विद्यार्थ्याच्या खेळावर आपले राहते छप्पर पणाला लावावे, ही घटना महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात फ्रीस्टाइल कुस्ती खेळले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना त्यांनी हरवले. पुढे जपानचा शोहाची इशी व सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याकडून त्यांना हार पत्करावी लागली. इशीशी झालेल्या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर नियमानुसार मिळावयाची विश्रांती त्यांना मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडण्यास भारतीय अधिकारी तेथे नव्हता, असे सांगितले जाते. आश्रयाची उणीव केवळ प्रवासखर्चापुरती नव्हती, हे यावरून लक्षात येते. तरीही २३ जुलै १९५२ रोजी त्यांनी कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. याच स्पर्धेत केशव माणगावे यांनी फेदरवेट गटात चौथे स्थान मिळवले.

कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने खाशाबांचे स्वागत झाले. त्यानंतर त्यांनी जे केले, ते या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्यांच्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवले. ज्या फडाने मल्लाला वाढवले होते, त्याच फडाने त्याचे ऋणही फेडले.

नंतरची उपेक्षा

खाशाबा १९५५ मध्ये पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले आणि सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना २००० मध्ये मरणोत्तर मिळाला. भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९९६ मध्ये लिअँडर पेस यांनी मिळवून दिले. म्हणजे मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली. महाराष्ट्राच्या खेळाडूला तर वैयक्तिक पदकासाठी २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. त्यांच्या जडणघडणीत शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचा आणि रेल्वेतील नोकरीचा वाटा होता. १९५२ मध्ये जी व्यवस्था नव्हती, ती काही प्रमाणात आता उभी राहिली आहे. खाशाबांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णयही महाराष्ट्र शासनाने घेतला आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. एक, १९४८ चा राजाश्रय आणि आजचा शासनाश्रय यांच्यामधील पोकळी १९५२ मध्ये गाव व महाविद्यालय यांनी भरून काढली. दोन, ही मदत एका प्राचार्याच्या वैयक्तिक त्यागावर अवलंबून होती. तो त्याग वंदनीय असला तरी त्याला व्यवस्था म्हणता येत नाही. तीन, केप कॉडसारख्या ठिकाणी गावाचे सहकार्य दरवर्षी नियमाने मिळते, म्हणूनच तेथे कोणाला घर गहाण ठेवावे लागत नाही.

आपल्याकडे फड आहेत, तालमी आहेत, वर्गणी देणारे गावही आहे. ग्रामीण महाविद्यालयांनी उन्हाळी सुट्टीत आपल्या विद्यार्थी-मल्लांना परिसरातील तालमींशी जोडून दिले, मॅटच्या सरावाची सोय केली आणि त्यांच्यासाठी कायमस्वरूपी खेळाडू निधी उभारला, तर या परंपरेला व्यवस्थेचे रूप येऊ शकेल. प्राचार्य खर्डेकरांचे खरे स्मरण त्यांच्या त्यागाचे गोडवे गाण्यात नाही. तसा त्याग पुन्हा कोणा शिक्षकाला करावा लागू नये, यात आहे.